यादीबाहेरचा नायक

अमेरिकेतल्या मुलांना ‘बुक रिपोर्ट’ प्राथमिक शाळेतच भेटतो आणि हायस्कूल संपेपर्यंत त्यांची पाठ सोडत नाही. पुस्तक वाचायचं आणि त्यावर पान-दोन पानं लिहायची: लेखक कोण, गोष्ट कुठे आणि कधी घडते, मुख्य पात्रं कोणती, संघर्ष कशाचा, शेवट काय झाला आणि तुला काय वाटलं. बाईंनी पुस्तक ठरवून दिलेलं असेल तर मुलं निमूटपणे तेच उघडतात. पण ‘कोणतंही एक निवडा’ अशी मोकळीक मिळाली की वर्गातली कितीतरी मुलं ग्रंथालयातल्या एकाच कप्प्याकडे वळतात. बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल, बॉक्सिंग. पुस्तक फार जाड नाही, संवाद भरपूर आहेत आणि शेवटाकडे एक मोठा सामना आहे, एवढी खात्री त्यांना पुरते.

या कप्प्याला शाळेत मानाची जागा मिळायला फार काळ लागला. त्याच काळात, अहवाल लिहिताना अडलेल्या मुलाला ‘मदत’ विकणारा एक मोठा धंदाही उभा राहिला. या दोन गोष्टींचा इतिहास एकत्र वाचला तरच नीट कळतो. खेळाची कादंबरी जोवर शिक्षकांच्या यादीबाहेर होती, तोवर तिच्यावर कुणी गाईड काढलं नाही. ती यादीत आली आणि गाईडही मागोमाग आलं.

मुळात यादी आली कुठून? १८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंधाची अट घातली. निबंधाचा विषय ठरावीक पुस्तकांतूनच यायचा. शेक्सपिअरची ‘टेम्पेस्ट’, ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही तीन नाटकं, गोल्डस्मिथची ‘व्हिकर ऑफ वेकफिल्ड’, वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ आणि त्याचंच एक दीर्घकाव्य. बाकीच्या कॉलेजांनी हा कित्ता गिरवला. प्रत्येक कॉलेजाची यादी वेगळी असल्याने हायस्कुलांची ओढाताण होऊ लागली, तेव्हा १८९४ मध्ये सर्वांसाठी समान यादी ठरवण्याची परिषद भरली. गोंधळ मिटला खरा, पण कॉलेजचं तोंडही न बघणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांनाही तीच पुस्तकं तशीच घोटावी लागली.

या सक्तीविरुद्धच १९११ मध्ये शिकागोत इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना, ‘नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश’, स्थापन झाली. कॉलेजांनी शाळांवर पुस्तकं लादू नयेत, हे तिचं पहिलं म्हणणं. या शिक्षकांनी घरी वाचायच्या पुस्तकांच्या मोठ्या, मोकळ्या याद्या काढल्या आणि मुलाला निवडीचा हक्क दिला. पण घरी वाचलेलं पुस्तक खरंच वाचलं का, हे वर्गात कळणार कसं? मग मुलाने ते लिहून दाखवायचं. अशा रीतीने स्वातंत्र्याच्या पाठोपाठ पुरावा आला, आणि पुढची पिढ्यान्पिढ्यांची धास्तीही.

याद्यांत खेळाच्या गोष्टी क्वचितच असत. मुलं मात्र त्या केव्हापासून वाचत होती. इंग्लंडमध्ये थॉमस ह्यूजने १८५७ साली रग्बी शाळेवरची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ लिहिली, तिथून ही वाट सुरू होते. अमेरिकेत तिचा हमरस्ता झाला तो १८९६ मध्ये. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘टिप टॉप वीकली’ या साप्ताहिकातून फ्रॅंक मेरिवेल हा नायक अवतरला. अंक पाच सेंटचा. लेखकाचं छापील नाव बर्ट स्टॅंडिश, खरं नाव गिल्बर्ट पॅटन, राहणार मेन राज्याचा. मेरिवेल आधी निवासी शाळेत आणि मग येल विद्यापीठात शिकतो, बेसबॉलमध्ये चेंडू दोन्ही बाजूंना वळवतो, दारू-तंबाखूला शिवत नाही आणि शेवटच्या क्षणी सामना जिंकून देतो. पॅटन वर्षानुवर्षं दर आठवड्याला एक गोष्ट पाडत राहिला आणि मुलं नव्या अंकाची वाट बघत राहिली.

१८९९ मध्ये राल्फ हेन्री बार्बरची ‘द हाफ-बॅक’ आली. ती शालेय फुटबॉलची गोष्ट. पक्क्या बांधणीची, जरा प्रतिष्ठित. मग १९१२ पासून एडवर्ड स्ट्रेटमायरच्या कारखान्यातून ‘बेसबॉल जो’ मालिका बाहेर पडू लागली. कारखानाच म्हणायचा, कारण स्ट्रेटमायर कथानकाचा आराखडा द्यायचा, पगारी लेखक तो भरायचे आणि पुस्तकावर नाव मात्र लेस्टर चॅडविक या अस्तित्वात नसलेल्या गृहस्थाचं असायचं. पुस्तक पन्नास सेंटला मिळायचं. मुलांच्या खिशाला ते परवडत होतं आणि आईबापांच्या परवानगीवाचून विकत घेता येत होतं. ग्रंथपालांचा राग होता तो याच गोष्टीवर.

१९१४ मध्ये बॉय स्काउट संघटनेचे मुख्य ग्रंथपाल फ्रॅंकलिन मॅथ्यूज यांनी ‘आउटलुक’ नियतकालिकात एक लेख लिहिला. मुलांच्या मेंदूच्या चिंधड्या उडत आहेत, असा त्याच्या शीर्षकाचाच रोख होता. स्वस्त मालिका म्हणजे कल्पनाशक्तीची स्फोटकं, आणि हाती बंदूक देताना जी काळजी आपण घेतो ती पुस्तक देताना का घेत नाही, असा त्यांचा सवाल. त्यांची भाषा जहाल होती, पण ते नुसते ओरडून थांबले नाहीत. चांगली पुस्तकं त्याच पन्नास सेंटांत मिळावीत म्हणून त्यांनी प्रकाशकांमार्फत ‘एव्हरी बॉइज लायब्ररी’ ही माला चालवली. बालपुस्तकांचा सप्ताह १९१९ पासून अमेरिकेत साजरा होऊ लागला, त्यामागेही त्यांचा हात होता. मॅथ्यूज यांच्या आवेशात अतिरेक होता हे खरं. तरी मुलांना बंदी नको, पर्याय द्या, ही त्यांची कृती आजही मान्य करावी अशी आहे.

तो पर्याय खऱ्या अर्थाने दिला तो पाव शतकानंतर एका क्रीडापत्रकाराने.

जॉन ट्युनिसचा जन्म १८८९ चा. हार्वर्डमध्ये शिकला, टेनिस खेळला, वर्तमानपत्रांत आणि मासिकांत खेळांवर लिहून पोट भरलं. १९३८ मध्ये त्याची ‘आयर्न ड्यूक’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्याने मोठ्यांसाठी लिहिली होती. प्रकाशकाने मात्र ती किशोरांची म्हणून काढायचं ठरवलं आणि ट्युनिस दुखावला. ‘किशोरांचा लेखक’ हा शिक्का त्याने कधीच मनापासून स्वीकारला नाही, आणि कदाचित म्हणूनच तो मुलांशी खालच्या पट्टीत बोलला नाही.

१९४० ची ‘द किड फ्रॉम टॉमकिन्सव्हिल’ घ्या. कनेटिकटमधल्या लहानशा गावात आजीबरोबर राहणारा रॉय टकर ब्रुकलिन डॉजर्स या खऱ्याखुऱ्या संघात गोलंदाज म्हणून येतो. येतो तोच चमकतो. मग विजयाच्या जल्लोषात न्हाणीघरातल्या धक्काबुक्कीत पडतो, कोपर जायबंदी होतं आणि गोलंदाजी संपते. मेरिवेलच्या गोष्टीत असा प्रसंग आला असता तर पुढच्या पानावर चमत्कार झाला असता. ट्युनिस तसं काही करत नाही. तो पोराला फलंदाजी नव्याने शिकायला लावतो, घामाघूम करतो, डेव्ह लेनर्ड या म्हाताऱ्या होत चाललेल्या यष्टिरक्षकाचा धीराचा हात त्याच्या खांद्यावर ठेवतो. शेवटच्या सामन्यात रॉय भिंतीवर आदळून झेल घेतो आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेतात. पुस्तक तिथेच संपतं. संघ जिंकला, मुलगा मात्र उठेल की नाही ठाऊक नाही. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला हा शेवट झोप लागू देत नसणार. फिलिप रॉथने १९९७ च्या ‘अमेरिकन पास्टोरल’मध्ये आपल्या निवेदकाच्या तोंडून याच पुस्तकाची सविस्तर आठवण काढली आहे, ती उगीच नव्हे.

ट्युनिस तिथेच थांबला नाही. १९४३ च्या ‘कीस्टोन किड्स’मध्ये त्याने डॉजर्सच्या संघात जॉको क्लाइन हा ज्यू यष्टिरक्षक आणला आणि सहकाऱ्यांचे टोमणे, प्रेक्षकांच्या शिव्या, त्याला एकटं पाडणं हे सगळं थेट मांडलं. हे दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन मध्यात, मुलांसाठीच्या पुस्तकात. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू खऱ्या डॉजर्सकडून मैदानात उतरायला अजून चार वर्षं होती. अशा पुस्तकावर मुलाने अहवाल लिहायला घेतला, तर ‘संघर्ष कशाचा?’ या रकान्यात ‘दोन संघांचा’ एवढं लिहून भागत नाही. तो थांबतो, आणि बहुधा घरात कुणाला तरी काहीतरी विचारतो.

लहान मुलांसाठी हेच काम मॅट ख्रिस्तोफरने केलं. पेनसिल्व्हेनियातल्या बाथ गावी १९१७ मध्ये तो जन्मला, नऊ भावंडांत थोरला. तरुणपणी अर्धव्यावसायिक बेसबॉल खेळला, मग नोकरी आणि रात्रीचं लेखन. रहस्यकथा लिहून बघितल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये राहत असताना, मुलांसाठी बेसबॉलची गोष्ट लिहावी असं त्याच्या मनात आलं. तो वस्तीतल्या ग्रंथालयात गेला आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंशी बोलला. बाईंनी लगेच उत्साह दाखवला: खेळाच्या गोष्टी मुलं सारखी मागतात, आमच्याकडे पुरेशा नाहीत, लिहाच. तो घरी गेला आणि दोन आठवड्यांत पुस्तकाचा खर्डा तयार झाला. ‘द लकी बेसबॉल बॅट’ १९५४ मध्ये छापून आली. १९९७ मध्ये तो गेला तोवर त्याच्या नावावर शंभराहून जास्त पुस्तकं होती.

त्या ग्रंथपाल बाईंचं नाव या हकिकतीत येत नाही. पण अहवालाला मदत करणाऱ्यांचा इतिहास लिहायचा तर पहिला मान त्यांचा. मुलाला मजकूर लिहून देण्याऐवजी, त्याला लिहावंसं वाटेल असं पुस्तक कपाटात यावं म्हणून त्या झटल्या. चाळीस मुलांच्या वर्गाला जे शिक्षक सांगू शकत नाहीत, ते ग्रंथालयातल्या माणसाला एकेका मुलाकडे बघून सांगता येतं. तुला बेसबॉल आवडतो? मग हे वाच. हे संपलं? मग आता हे, जरा अवघड आहे पण तुला झेपेल.

याच सुमारास मदतीचा दुसरा, सोपा रस्ता तयार होत होता. १९४१ मध्ये अल्बर्ट कॅंटर यांनी अभिजात कादंबऱ्या चित्रकथांच्या रूपात काढायला सुरुवात केली. पहिला अंक होता ‘थ्री मस्केटिअर्स’चा. १९४७ पासून मालेचं नाव ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ झालं. प्रत्येक अंकाच्या शेवटी मुलांना विनंती असे की आता मूळ पुस्तकही शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयातून आणून वाचा. विनंती प्रामाणिक होती, कारण कॅंटर यांना खरोखरच मुलांना पुस्तकांकडे न्यायचं होतं. पण पन्नास-साठ पानांत चित्रांसकट गोष्ट समजल्यावर, उद्या सकाळी अहवाल द्यायचा असलेला मुलगा ग्रंथालयाची पायरी चढेल कशाला? शिक्षकांना लवकरच कळू लागलं की वर्गातल्या अर्ध्या अहवालांत जे प्रसंग गाळले गेले आहेत, ते नेमके चित्रकथेतही गाळलेले आहेत.

मग आली पिवळी-काळी पुस्तिका. तिचं मूळ कॅनडातलं. टोरांटोतल्या कोल बंधूंच्या पुस्तकदुकानाने १९४८ मध्ये ‘कोल्स नोट्स’ काढायला सुरुवात केली होती. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरी क्लिफ्टन हिलेगास हा माणूस एका पुस्तकविक्री कंपनीत काम करत होता. जुन्या-नव्या पाठ्यपुस्तकांच्या खरेदीविक्रीसाठी तो कॉलेजांतून हिंडायचा, दुकानदारांशी त्याची ओळख पक्की होती. जॅक कोलने त्याला सुचवलं की या नोट्स अमेरिकेत तू विक. १९५८ मध्ये हिलेगासने चार हजार डॉलर कर्ज काढलं, घराच्या तळघरात माल ठेवला आणि शेक्सपिअरच्या सोळा नाटकांवरच्या सोळा पुस्तिका बाजारात आणल्या. ‘क्लिफ्स नोट्स’चा जन्म तो हा.

आतला सरंजाम आपल्याकडच्या वाचकाला मुळीच परका वाटणार नाही. लेखकाचा परिचय, पात्रांची यादी, प्रकरणवार सारांश, सारांशाखाली भाष्य, पात्रांची स्वभावचित्रं, शेवटी सरावाचे प्रश्न. मुंबईत नवनीत प्रकाशन १९५९ मध्ये सुरू झालं, म्हणजे हिलेगासच्या तळघरानंतर अवघ्या वर्षाने. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण शाळांमधली गर्दी वाढली होती, परीक्षा मोठ्या होत होत्या, आईबापांना स्वतःला शिकवता येत नव्हतं किंवा वेळ नव्हता. गरज दोन्हीकडे एकच होती. मराठी मुलाच्या दप्तरात गाईड आणि ‘अपेक्षित’ जसं आलं, तसंच अमेरिकन मुलाच्या दप्तरात हे पिवळं-काळं आलं.

हिलेगास पुस्तिकेच्या आत स्वतःच्या सहीने सांगायचा की या नोट्स मूळ पुस्तकाची जागा घेऊ शकत नाहीत. त्याच्यावर टीका करणाऱ्यांनी याला ढोंग म्हटलं. ते अन्यायाचं वाटतं. बोजड भाषेत अडकलेल्या, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या कितीतरी मुलांना ‘हॅम्लेट’ कळला तो या पुस्तिकेच्या आधारानेच. पुस्तिकेचा दोष सारांशात नव्हता. परीक्षेचे प्रश्नच असे होते की सारांशावर त्यांचं उत्तर भागायचं. हा दोष प्रश्न काढणाऱ्यांचा.

आणि या सगळ्या वर्षांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी: ट्युनिस, ख्रिस्तोफर, बार्बर यांच्यावर कुणी पुस्तिका काढली नाही. त्याची गरजच नव्हती. ज्या मुलाने खेळाची कादंबरी स्वतः निवडली, त्याने ती वाचलेलीच असायची. त्याची अडचण वेगळीच होती. प्रत्येक डाव त्याला तोंडपाठ असे. अहवालाच्या पहिल्या दीड पानात तो अख्खा सामना धावसंख्येसकट सांगून मोकळा व्हायचा आणि ‘लेखकाला काय म्हणायचं आहे?’ या प्रश्नापाशी पेन्सिल थांबायची. इथे त्याला गरज होती ती एका मोठ्या माणसाची, जो नुसतं विचारेल: शेवटचा झेल घेतल्यावर तुला आनंद झाला की वाईट वाटलं?

१९६७ साल या हकिकतीत दोन कारणांनी महत्त्वाचं. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे रंगमंचावर ‘यू आर अ गुड मॅन, चार्ली ब्राउन’ हे संगीत नाटक आलं. चार्ल्स शुल्झच्या व्यंगचित्रमालेतली मुलं त्यात होती आणि चार मुलांना सशाच्या एका छोट्या गोष्टीवर शंभर शब्दांचा अहवाल लिहायचा असतो, असं एक गाणं त्यात होतं. लूसी शब्द मोजत ओळी वाढवते. लायनस समाजशास्त्रीय विश्लेषणात शिरतो. श्रोडरला रॉबिन हूडची गोष्ट आवडते, म्हणून तो तीच लिहितो. चार्ली ब्राउन नुसता काळजी करत बसतो आणि लिहायला घेतच नाही. प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाला या चौघांत आपलं बालपण सापडत होतं. बुक रिपोर्ट तोवर सबंध देशाचा सामायिक अनुभव झाला होता.

दुसरं कारण म्हणजे ‘द कंटेंडर’. रॉबर्ट लिप्साइट हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा तरुण क्रीडावार्ताहर. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये मुहम्मद अली आणि फ्लॉइड पॅटरसन यांच्या लढतीसाठी तो लास व्हेगासला गेला होता. तिथे कस डमाटो या जुन्या मुष्टियुद्ध व्यवस्थापकाशी त्याच्या गप्पा झाल्या. डमाटो आपल्या वरच्या मजल्यावरच्या व्यायामशाळेबद्दल सांगू लागला. जिना अरुंद आणि काळोखा. खालून कुणी वर येतंय याचा आवाज तो कान देऊन ऐकायचा. मित्रांच्या घोळक्यातून हसत-खिदळत येणारा मुलगा त्याला नको असायचा. एकटा, रात्रीचा, घाबरलेला आणि तरीही थांबत-थांबत वर येणारा मुलगा कधीतरी येईल, त्याची तो वाट बघायचा. लिप्साइटच्या डोक्यात तो मुलगा घर करून राहिला. कोण असेल तो? कशाला पळून आला असेल?

त्याचं उत्तर म्हणजे आल्फ्रेड ब्रुक्स. वय सतरा, हार्लेममध्ये मावशीकडे राहतो, शाळा सोडलेली, किराणा दुकानात कामाला. त्याचा जिवलग मित्र जेम्स त्याच दुकानात चोरी करताना पकडला जातो. गल्लीतली टोळकी आल्फ्रेडला जबाबदार धरून बडवतात. त्या रात्री तो एकटाच डोनाटेली यांच्या व्यायामशाळेचे जिने चढतो. पुढे दोरीवरच्या उड्या, पहाटेचं धावणं, हौशी गटातल्या लढती. डोनाटेली त्याला एका टप्प्यावर थांबायला सांगतात, कारण समोरच्याला संपवण्याची क्रूरता याच्यात नाही हे त्यांनी ओळखलेलं असतं. आल्फ्रेड तरीही शेवटची लढत मागून घेतो आणि हरतो. हरतो पण तिन्ही फेऱ्या उभा राहतो. मग तो अंधारात लपलेल्या, जखमी जेम्सला शोधायला जातो.

शहरांतल्या शिक्षकांनी हे पुस्तक उचलून धरलं. त्यांच्या वर्गात आल्फ्रेडच्या वयाची, आल्फ्रेडच्या रंगाची, शाळा सोडण्याच्या बेतात असलेली मुलं होती आणि अभ्यासक्रमात त्यांचं स्वतःचं आयुष्य कुठेच दिसत नव्हतं. मेरिवेल येलमध्ये जिंकत होता. आल्फ्रेड हार्लेममध्ये हरून मोठा होत होता. याच वर्षी एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ही आली आणि किशोरवयीनांसाठीचं नवं, खरखरीत साहित्य शाळेत शिरलं. खेळाची कादंबरी अखेर यादीत गेली, आणि तिच्या गुणांवर गेली.

पुढे ‘क्लिफ्स नोट्स’ने ‘द कंटेंडर’वरही गाईड काढलं. प्रकरणवार सारांश, पात्रं, प्रतीकं, निबंधाचे प्रश्न, सगळं. त्यात जिन्याचा अर्थही समजावून दिला जातो. पण ज्याने कधी अंधारात पायऱ्या चाचपत वर जाणाऱ्या आल्फ्रेडबरोबर श्वास रोखला नाही, त्याला तो अर्थ कळूनही हाती काही लागत नाही. ज्या मुलांसाठी लिप्साइटने ही गोष्ट लिहिली त्यांच्यातल्या काहींनी ती गाईडमधून उरकली, ही या इतिहासातली सर्वांत दुःखाची गोष्ट आहे.

नंतरची साधनं भराभर बदलत गेली. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षक संघटनेने फोनवर गृहपाठ विचारण्याची सोय सुरू केली. संध्याकाळी खरे शिक्षक फोनवर बसत आणि इंग्रजी न बोलणाऱ्या पालकांनाही त्यांच्या भाषेत उत्तर देत. माणसाशी माणसाने बोलण्याची ही सोय फार मोलाची होती. १९८६ मध्ये विस्कॉन्सिनमधून ‘ॲक्सिलरेटेड रीडर’ हा संगणकी कार्यक्रम आला. पुस्तक वाचा, संगणकावर प्रश्नमंजूषा सोडवा, गुण मिळवा. अनेक शाळांत अहवालाची जागाच त्याने घेतली. मुलाने पुस्तक वाचलं की नाही हे त्यातून कळायचं, त्याला काय वाटलं ते नाही. आणि मुलं पुस्तक हातात घेऊन आधी मागची गुणसंख्या बघू लागली.

१९९९ मध्ये हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी ‘स्पार्क नोट्स’ इंटरनेटवर फुकट उपलब्ध करून दिल्या. २००१ मध्ये बार्न्स अँड नोबल या बड्या पुस्तकविक्रेत्याने त्या विकत घेतल्या. हिलेगास त्याच वर्षी मे महिन्यात वारला. आपली कंपनी त्याने तीन वर्षं आधीच विकली होती. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅट-जीपीटी आलं. २०२३ च्या जानेवारीत न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी आपल्या यंत्रणेवर त्याला बंदी घातली आणि मे महिन्यात ती मागे घेतली. आता कोणत्याही कादंबरीचा अहवाल, अगदी चौथीतल्या मुलाच्या भाषेत, मागेल तितक्या शब्दांत मिळतो. सारांशावर भागणारे प्रश्न विचारत राहण्याची सोय शिक्षकांना उरलेली नाही, एवढं मात्र या यंत्राने पक्कं केलं.

दरम्यान खेळाच्या कादंबरीने आपली उंची वाढवत नेली. क्वामे अलेक्झांडरची ‘द क्रॉसओव्हर’ २०१४ मध्ये आली. जॉश आणि जॉर्डन हे बास्केटबॉल खेळणारे जुळे भाऊ, त्यांचे एकेकाळचे नामांकित खेळाडू असलेले वडील, आणि वडिलांचं दुखणं. सगळं पुस्तक कवितांत. चेंडूच्या टप्प्यासारख्या तुटक, उसळत्या ओळी. २०१५ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळालं, म्हणजे अमेरिकेतल्या बालसाहित्याचा सर्वोच्च सन्मान. मॅथ्यूज यांनी ज्या जातीच्या पुस्तकांना स्फोटकं म्हटलं होतं, तिचा शंभर वर्षांतला हा प्रवास.

न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही आता हे अहवाल लिहिले जातात. गाईडवर वाढलेल्या आईबाबांना आपल्या मुलाने ‘चांगलं, जाड’ पुस्तक निवडावं असं वाटतं आणि मुलगी बास्केटबॉलचं पातळ पुस्तक घेऊन येते. तिला ते घेऊ द्यावं. आणि लिहायला बसली की सारांश सांगण्याऐवजी तिच्याकडून सामना ऐकून घ्यावा, मग विचारावं की नायक हरला तेव्हा तू काय केलंस. ते वाक्य तिने जसं सांगितलं तसं कागदावर उतरवलं की अहवालाचा अवघड भाग झाला.

राहता राहिली आपली इथली ग्रंथालयं. कबड्डी, खो-खो, कुस्ती, मल्लखांब, गल्लीतलं क्रिकेट यांनी मराठी मुलांचं बालपण भरलेलं आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत बालविभाग सांभाळणाऱ्यांना रोज कळतं की मुलं काय मागतात आणि काय न मिळाल्याने परत जातात. त्यांनी ते लेखकांना आणि प्रकाशकांना सांगावं, सिरॅक्यूजच्या त्या बाईंनी सांगितलं तसं: आमच्याकडे खेळाच्या गोष्टी पुरेशा नाहीत, लिहाच.